जवळचं कॉलेज

सोमवारी सकाळपासून पाऊस लागून राहिला होता आणि गुरं खोड्यात जायला तयार नव्हती. ऑगस्ट संपत आला तरी क्लूनाघच्या कुरणात पाय टाकला की बुटाभोवती पाणी वर यायचं. दुसऱ्या कापणीचं गवत उभ्याचं आडवं झालं होतं आणि खालून पिवळं पडत चाललं होतं. फर्गल कनेन मागून प्लास्टिकच्या पाइपाने गाईंच्या पुठ्ठ्यावर मारत होता. त्याची बायको डिम्पना पुढचं लोखंडी फाटक धरून उभी होती. आणि म्हातारा मॅलकी, फर्गलचा बाप, भिंतीला टेकून एकेका गाईला नावानिशी शिव्या घालत होता.

"अगं हो की पुढं, बयो! जन्मात पहिल्यांदा बघतीयस का खोडा?"

गुरांची डॉक्टर नोरीन गेराटी प्रत्येक गाईच्या मानेवरचे केस वर-खाली दोन ठिकाणी भादरायची, कातडीची जाडी चिमट्याने मोजायची आणि दोन्हीकडे सुई टोचायची. ही क्षयाची चाचणी. टोचून झालं की गुरुवारी येऊन गाठी बघायच्या. खालची गाठ वरचीपेक्षा मोठी झाली की जनावर गेलं.

"कॉलेजचं ठरलं का तुझं?" नोरीनने मान वर न करता विचारलं.

"दोन्हीकडून जागा मिळालीय," डिम्पना म्हणाली. "गॉलवेला पण, आणि इथं कॅरिकबॉनला पण. शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

"गॉलवे," नोरीन म्हणाली. "विचार कसला करतेस?"

"रोज जावं लागतं. सकाळी जायचं, रात्री यायचं. खोली भाड्याने मिळत नाही, मी बघून दमले."

भिंतीकडून मॅलकी म्हणाला, "मी विचारतो, ते सॉफ्टवेअर म्हणजे नक्की करतात काय? म्हणजे संध्याकाळी माणूस घरी येतो तेव्हा त्याने दिवसभरात काय केलेलं असतं?"

"बसलेला असतो, मॅलकी," डिम्पना म्हणाली.

"मग ते फर्गलला चांगलं जमेल."

फर्गल हसला आणि लगेच उजवा खांदा दाबून धरला. वसंतात एका पहिलारू गाईने त्याला गोठ्याच्या खांबावर चेपलं होतं. तेव्हापासून तो हात छातीच्या वर जात नव्हता. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी नाव घालून ठेवलं होतं. बोलावणं काही येत नव्हतं. पाइप तो डाव्या हाताने मारत होता आणि निम्मे फटके हवेत जात होते.

डिम्पना मूळची पुरातत्त्वाची. जळणासाठी दलदलीची काळी माती कापणाऱ्या कंपनीकडे तिने दहा-अकरा वर्षं काम केलं होतं. यंत्रं येण्याआधी पुढं चालत जायचं, चरांच्या भिंती बघत जायचं, आणि हजारो वर्षांपूर्वी कुणी चिखलातून चालायला अंथरलेल्या लाकडी वाटा सापडल्या की त्यांचे नकाशे करायचे. मग माती कापणं बंद झालं. यंत्रं गेली, तसं यंत्रांच्या पुढं चालणाऱ्यांचंही काम गेलं. रोजगार कचेरीतल्या बाईने सांगितलं, कुठल्याही विषयाची पदवी असली तरी चालतं, वर्षभराचा कोर्स केला की माणूस सॉफ्टवेअरमध्ये जातो, फी सरकार भरतं. डिम्पनाने ते आधी हसण्यावारी नेलं. पण हिवाळ्यात, गाई आत बांधलेल्या असताना, तिने घरच्या जुन्या कम्प्युटरवर थोडं थोडं शिकून बघितलं. तिच्या जुन्या नकाशांवरच्या सगळ्या वाटा एकाखाली एक लावून दाखवणारा छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला. तो चार दिवस चालला नाही आणि पाचव्या दिवशी चालला. तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यांदा ओरडली होती. मॅलकीला वाटलं, उंदीर निघाला.

मंगळवारी संध्याकाळी ती गॉलवेच्या कॉलेजात गेली. नवीन येणाऱ्यांसाठी माहिती द्यायला बोलावलं होतं. तिने अंघोळ केली होती, धुतलेला शर्ट घातला होता, पण कोट तोच होता आणि गाडी तीच, मागे खाद्याची पोती वाहणारी. काचेच्या त्या मोठ्या खोलीत गरम व्हायला लागलं तसा कोटाला वास सुटला. पुढच्या रांगेतल्या मुलीने मागे वळून बघितलं, मग खुर्ची उचलून हलकेच पलीकडे सरकवली. डिम्पनाने कोट काढून घडी केली आणि पायाखाली ठेवून त्यावर पाय दाबून बसली.

शेजारी एक जाडजूड माणूस बसला होता. लॉर्कन त्याचं नाव.

"गाई का?" त्याने विचारलं.

"एवढा येतोय?"

"मला बरं वाटतंय. मी बेकरीवाला. तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि वीस वर्षं पाव भाजले. आता मनगटं गेली." त्याने दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. "बोटं अजून आहेत म्हणून इथं आलो."

शिकवणारी बाई, ऊना हेगार्टी, साधी होती. तिने काहीच फुगवून सांगितलं नाही. सहा महिने शिकायचं, मग एका कंपनीत जाऊन खरं काम करायचं, असा हा कोर्स. शेवटी चहा पीत लोक उभे होते तेव्हा डिम्पना तिच्याजवळ गेली. नकाशांचं सांगितलं, आपल्या छोट्या प्रोग्रॅमचं सांगितलं. ऊनाने चहाचा कप तसाच हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही याच," ती म्हणाली. "तुमच्यासारखी माणसं टिकतात इथं."

"आणि नोकरी? वय चाळीस माझं. मिळते का?"

ऊनाने कप टेबलावर ठेवला. "दोन वर्षांपूर्वी मी हो म्हणाले असते आणि पुढच्या माणसाकडे वळले असते. आता कंपन्या नवशिक्यांना जे काम द्यायच्या ते एआयच्या यंत्राकडूनच करून घेतात. मागच्या वर्गातले निम्मे अजून घरी आहेत. पण ज्यांना लागली त्यांना त्या कंपनीतल्या कामामुळे लागली. तेवढी एकच वाट उरलीय, असं समजा."

"कॅरिकबॉनच्या कोर्सला ते कंपनीतलं काम नाही."

"मला माहितीय," ऊना म्हणाली.

बाहेर लॉर्कन पावसात टोपी घालत उभा होता. "निम्मे घरी, म्हणजे निम्मे कामावर," तो म्हणाला. "मी येणार. तू?"

"बघते."

"बघते म्हणणाऱ्या बायका येत नाहीत," तो म्हणाला. तो हसत होता, पण ते तिला लागलं.

बुधवारी ती कॅरिकबॉनला गेली. घरापासून गाडीने अर्धा तास. गुरांचा बाजार भरतो त्या आवाराला लागूनच कॉलेजची बैठी इमारत. तिथला कोर्स आठवड्यातून दोन संध्याकाळी, बाकीचं घरी इंटरनेटवर. शिकवणारा एक तरुण होता, शे म्हणून. टेबलावर तीसेक माणसांना पुरतील एवढी बिस्किटं मांडली होती आणि समोर डिम्पना धरून तिघं जण बसले होते. त्यातला एक म्हातारा पावसातून आडोशाला आला होता.

शेने तरीही सगळं नीट सांगितलं. पडद्यावर चित्रं दाखवली, कुणाला प्रश्न आहेत का म्हणून विचारलं. म्हाताऱ्याने विचारलं, प्रिंटर दुरुस्त करायला शिकवता का?

"घरून करता येईल," शे तिला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. "गुरं सांभाळून, मुलंबाळं सांभाळून. बरेच जण करतात."

"आणि पुढं?"

"पुढं..." त्याने खांदे उडवले. मग ओशाळून बिस्किटांचा एक अख्खा डबा रुमालात बांधून तिच्या हातात दिला. "न्या घरी. मी एकटा काय करू यांचं?"

मॅलकीने ती बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि म्हणाला, "या कॉलेजला जा. इथली मारी चांगली आहे."

गुरुवारी पाऊस नव्हता, पण वाराही नव्हता, आणि माशा गुरांच्या डोळ्यांवर बसून राहिल्या होत्या. नोरीन आली. पहिल्या काही गाई भरभर गेल्या. ती मानेवर हात फिरवायची, मान हलवायची, फर्गल फाटक उघडायचा. मग एका गाईपाशी तिचा हात थांबला. तिने मोजायचा चिमटा बाहेर काढला, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि खिशातून निळा खडू काढून गाईच्या पाठीवर फुली मारली. त्यानंतरच्या गाईवरही फुली. मग एक सुटली. मग पुन्हा तीन एकामागून एक.

शेवटी मॅलकीची लाल-पांढरी गाय आली. कळपातली सगळ्यात म्हातारी. मॅलकीची बायको ॲट्रॅक्टा जिवंत असताना ही घरी जन्मली होती आणि तिला बाटलीने दूध ॲट्रॅक्टानेच पाजलं होतं. यंदाही तिच्या पायाशी वसंतातलं वासरू होतं. नोरीनने मोजायच्याही आधी डिम्पनाला दिसलं. मानेवर अर्ध्या बटाट्याएवढी गाठ होती.

"परत मोज," मॅलकी म्हणाला.

"मॅलकी, मोजलंय."

"ते तुझं यंत्र ओलं झालंय. परत मोज."

नोरीनने परत मोजलं. म्हातारा भिंत सोडून खोड्यापाशी आला, दोन्ही हातांनी ती गाठ दाबायला लागला, जणू दाबून आत जाईल. गाय दुखून मागे सरली आणि खोड्याची सळई त्याच्या बोटांवर बसली. फर्गलने त्याला मागे ओढलं.

"सोड मला! बिज्जूंवर कुत्री सोडा म्हणून मी ओरडत होतो. ते कुरणात बिळं करून क्षय पसरवतात, तिकडं सरकार झोपलंय, आणि माझी गाय नेताय होय?"

"तुमच्या बोटातून रक्त येतंय," डिम्पना म्हणाली.

"येऊ दे."

कळप बंद झाला. म्हणजे फुल्या मारलेल्या गाई कत्तलखान्याची गाडी येऊन नेणार, आणि बाकीचं एकही जनावर पुढच्या दोन चाचण्या साफ निघेपर्यंत विकता येणार नाही. ऑक्टोबरात बाजारात जाणारी सगळी वासरं हिवाळाभर आत ठेवायची. गोठा तेवढा नव्हता. गवत तर आडवं झालेलंच होतं.

त्या संध्याकाळी जेवताना फर्गलने ताटातला बटाटा काट्याने फोडून फोडून लगदा केला, खाल्ला नाही.

"तू गॉलवेला जा," तो म्हणाला.

"आणि वासरं?"

"मी बघतो."

"एका हाताने?"

"शेजारचा ब्रेंडन येईल शनिवारचा."

"ब्रेंडन लग्नाला येत नाही वेळेवर."

"डिम्पना, मी सांगतोय ना जा म्हणून. मग जा. नंतर कुणी म्हणायला नको की मी धरून ठेवलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं, हे त्यालाही कळलं. तो उठला आणि भांडी घासायला लागला. वरच्या फळीवर पातेलं ठेवायला त्याने उजवा हात उचलला, तो खांद्याच्या उंचीला अडकला, मग डाव्या हाताने उजव्याचं कोपर वर ढकलून त्याने पातेलं कसंबसं फळीच्या कडेला नेलं. ते पडलं. त्याने उचललं, पुन्हा तसंच केलं. डिम्पना उठली नाही. उठली असती तर तो आणखी चिडला असता.

शुक्रवारी दुपारी ती जुन्या गोठ्यात वासरांसाठी जागा करत होती. मोडके पिंप, तारा, सासूची शिवणयंत्राची पेटी, सगळं बाहेर काढायचं होतं. चारच्या सुमाराला ती दारात बसली, हातमोजे काढले आणि फोनवरून कॅरिकबॉनला होकार कळवला. मग गॉलवेला नकार कळवला. दोन्ही मिळून चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागला. हातमोजे ओले होते, ते परत घालताना बोटं आत जाईनात. तिने ते दातांनी ओढले.

फर्गल ट्रॅक्टरवरून उतरला तेव्हा तिने सांगितलं, "मी जवळचं घेतलं."

"कॅरिकबॉन?"

"हो."

"मी तर म्हणत होतो..."

"माहितीय."

त्याने मान हलवली. पण त्याचा चेहरा तिला दिसला. गुरुवारपासून कपाळावर जी आठी होती ती गेली होती, आणि तो एकदम तरुण दिसायला लागला. त्याने तिच्या डोक्यावरचा गवताची काडी काढली. "चांगलं झालं," तो म्हणाला. "म्हणजे, ते पण कॉलेजच आहे."

"हो," ती म्हणाली.

गाडी पुढच्या बुधवारी आली. ड्रायव्हर सवयीचा होता, फळी खाली टाकून बाजूला उभा राहिला. फुलीवाल्या गाई वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. मॅलकी घरातून बाहेर आला नाही. त्याने रेडिओ मोठा लावला होता आणि आवारात बातम्या, हवामान, कुणाकुणाच्या मृत्यूच्या सूचना सगळं ऐकू येत होतं.

लाल-पांढरी गाय फळीवर चढेना. तिचं वासरू मागच्या फाटकाआड होतं आणि ती तोंड तिकडे करून उभी होती. फर्गल शेपटी धरून ढकलत होता, डिम्पना डोकं धरून ओढत होती. त्याच वेळी तिच्या खिशात फोन वाजला. तिने घेतला नाही. पुन्हा वाजला.

"घे," फर्गल धापा टाकत म्हणाला. "नाहीतरी ही हलत नाही."

फोनवर शे होता. आवाज इतका हळू की तिला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला.

"मला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पुरेशी माणसं झाली नाहीत. यंदा वर्ग भरणार नाही. तुम्ही पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी भरेल?"

"मी असेन की नाही तेच माहीत नाही," शे म्हणाला.

ती गोठ्याच्या मागे गेली आणि गॉलवेला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीने, अगदी गोड बोलणाऱ्या, सांगितलं की ती जागा सोमवारीच यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

"मी शुक्रवारीच नकार दिला होता. तीनच दिवस..."

"हो ना. यादी मोठी असते आमच्याकडे. पुढच्या वर्षी नक्की अर्ज करा."

"ऊना हेगार्टी आहेत का?"

"त्या वर्गावर आहेत. आज पहिला दिवस ना."

डिम्पना परत आली. फर्गलने विचारलं, "कोण?"

"कॉलेज."

"काय म्हणतात?"

"मग सांगते. उचल तिचं मागचं."

तिने गाईच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीबाही बोलत राहिली, ॲट्रॅक्टा बोलायची तसं, लाडाचं, अर्थ नसलेलं. गाय एक पाय फळीवर टाकून थांबली, मग दुसरा. ती आपणहून चढली. तेच डिम्पनाला सहन झालं नाही. ड्रायव्हरने फळी वर उचलली, खीळ घातली आणि दोन बोटं टोपीला लावली.

नंतर तिने आवार धुतलं. पाण्याचा जोर मोठा ठेवून शेण, निळा खडू, मूत सगळं नाल्यात लोटलं. धुऊन झालेला भागही तिने पुन्हा धुतला. तेवढ्या वेळात फर्गल घरात गेलेला तिला कळलं नाही. संध्याकाळच्या सुमाराला त्याने दारातून हाक मारली.

"बूट काढून ये जरा वर."

माडीवरच्या लहान खोलीत आजवर जुने कपडे आणि मोडके हीटर असायचे. ती रिकामी होती. खिडकीजवळ, जिथं घरात फोनला सगळ्यात बरी रेंज मिळायची, तिथं एक टेबल होतं. जुन्या गोठ्यातलं एक दार त्याने आणून तासलं होतं, खाली लाकडाचे चार पाय ठोकले होते. एका हाताने ठोकल्यामुळे खिळे वाकडे गेले होते आणि त्याने ते तसेच आडवे चेपले होते. वर दिवा. दिव्याखाली नवी वही, तिच्यावर पेन. खुर्चीवर उशी.

"शुक्रवारपासून करतोय," फर्गल म्हणाला. "तुला कळलं नाही ना? मॅलकीला सांगितलं होतं तोंड बंद ठेव म्हणून. त्याने ठेवलं, कमाल आहे." तो दारात उभा होता, तिच्या तोंडाकडे बघत. "बस की. उंची बघ."

डिम्पना बसली. हात टेबलावर ठेवले. लाकूड अजून थोडं ओलसर होतं.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"दिवा डोळ्यावर येत असेल तर पलीकडे करतो."

"नाही येत."

"मंगळवारी सुरू ना?"

तिला वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू. पण तो तिथंच उभा होता, हातात पेन्सिल, कानामागे भुसा.

"फर्गल, तो वर्ग होणार नाही," ती म्हणाली. "माणसंच आली नाहीत. तो फोन तोच होता."

त्याने पेन्सिल खिशात घातली. मग म्हणाला, "आणि गॉलवे?"

"विचारलं. जागा गेली. आज त्यांचा पहिला दिवस होता."

फर्गल आत आला आणि टेबलाची कड बोटाने चाचपत राहिला. एका ठिकाणी ढलपी निघाली होती, ती त्याने नखाने तोडली.

"मी सांगितलं होतं जा म्हणून," तो म्हणाला. मग लगेच, खालच्या आवाजात, "नव्हतं सांगितलं. मला माहितीय."

तिला त्याचा राग आला नाही. राग यायला अंगात काहीतरी असावं लागतं.

खाली अंगणात लाल-पांढरीच्या वासराने हंबरायला सुरुवात केली. आधी थांबून थांबून, मग न थांबता. तासाभरात त्याचा घसा बसणार आणि तरी ते ओरडत राहणार, दोन-तीन दिवस, हे दोघांनाही माहीत होतं. खाली रेडिओ बंद झाला. जिन्याखालून मॅलकी ओरडला, "अरे कुणीतरी त्याच्याकडे बघा! मला ऐकवत नाही!"

"टेबल काढू का?" फर्गलने विचारलं.

"राहू दे," डिम्पना म्हणाली. "वासरांच्या औषधाच्या बाटल्या ठेवायला होईल. खाली ओल येते."

तिने दिवा विझवला, खुर्ची आत सरकवली, आणि खाली जाऊन ओल्या मोज्यांवरच बूट चढवले.